घासू नका, आणि घासून झालं असेल तर हे वाचा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात चांदीचे 26 रुपये निघाले. राणीछाप, बाकी राजाछाप. शिवाय मूठभर जाड तांब्याची नाणी (धाकटे दीर म्हणतात शिवराई आहेत) आणि जुन्या माळेतून सुटलेले, कडी लावलेले 5 रुपये. 4 रुपये मी भांडी घासायच्या पुडीने घासून लखलखीत केले. नाण्यांच्या प्रदर्शनात एका व्यापाऱ्याला सगळे दाखवले तर तो म्हणाला, "हे चार धुतलेत, चांदीच्या भावाने घेतो." आणि एका काळपट, कधीच न घासलेल्या रुपयाला मात्र बरेच जास्त द्यायला तयार झाला. मला काहीच कळेना. दीर म्हणतात, "वैनी, सगळेच गुजरीत (सराफ बाजारात) नेऊन पॉलिश करून आणतो, मग तिघा भावांत वाटून टाकू." तांब्याच्या दोन नाण्यांवर हिरवी पूड आली आहे. कड्या कापून टाकाव्यात का? मिस्टरांचे भाचे अमेरिकेत असतात, ते म्हणतात इकडे पाठवा, ग्रेडिंग (नाण्याची प्रत ठरवणं) करून देतो. काय करू?
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ताई, पहिलं काम फोन करायचं. दिरांना सांगा की डबा गुजरीत न्यायचा नाही. सराफाचं पॉलिशचं चाक दागिन्यासाठी असतं. त्या चाकाखाली रुपया गेला की एका मिनिटात तो रुपया राहत नाही, रुपयाच्या आकाराची चांदी उरते. बाकीचं पत्र निवांत वाचा, पण हा फोन आजच करा.

व्यापाऱ्याने तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. काळ्या रुपयाला जास्त आणि चकचकीत रुपयाला कमी हे आपल्या घरच्या हिशोबात बसत नाही, कारण घरात चांदी म्हणजे चकाकणारी वस्तू. नाण्याच्या बाजारात हिशोब उलटा आहे. तिथे दोन गोष्टी वेगळ्या धरतात: झीज आणि इजा. झीज म्हणजे रुपया हातोहात फिरला, बटव्यात खुळखुळला, गल्ल्यात पडला, त्यातून त्याच्या उंच भागांवरची चांदी हळूहळू गेली. इजा म्हणजे कुणीतरी त्याला काहीतरी केलं. भोक पाडलं, कडी डाखली, कड कानशीने घासली, आम्लात बुडवलं, पुडीने चोळलं. झिजलेल्या नाण्याची प्रत कमी लागते, पण त्याला प्रत असते. इजा झालेलं नाणं बऱ्याचदा प्रतवारीतूनच बाहेर जातं.

हा फरक डोळ्यांनी बघता येतो, आणि तुमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत म्हणून आज रात्रीच बघा. घरातले बाकीचे दिवे बंद करा, एकच दिवा ठेवा. खाली जाड टॉवेल पसरा, म्हणजे नाणं हातातून सुटलं तर फरशीवर आपटणार नाही. न घासलेला राणीचा रुपया कडेने धरा. दोन बोटांत कड, पृष्ठभागाला बोट नाही. दिव्याखाली तो हळूहळू तिरपा करा. झीज कुठे दिसेल? कानाजवळच्या केसांच्या बटांवर, मुकुटाच्या टोकांवर, गालावर, पोशाखावरच्या नक्षीवर. म्हणजे जे जे वर आलेलं आहे तिथे. आधी बटांमधल्या रेषा पुसट होतात, मग बटा एकमेकींत मिसळतात, शेवटी सगळा केशसंभार एक सपाट ढेकूळ होतो. पण खोलगट भाग, अक्षरांच्या मधली जागा, मुकुटामागची मोकळी पाटी, हे सगळं त्याच नाण्यावर बऱ्यापैकी शाबूत असतं. झीज वरून खाली येते. तिला घाई नसते आणि ती खोबणीत शिरत नाही.

आता तुम्ही घासलेला एखादा रुपया तसाच तिरपा करा. मोकळ्या पाटीवर बारीक, जवळजवळ समांतर ओरखडे दिसतील. केसाएवढे. काही ठिकाणी ते पाटीवरून निघून थेट राणीच्या गालावर चढलेले असतील, कारण तुमचा अंगठा त्या दिशेने फिरत होता. अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळं तसंच राहिलेलं असेल, आणि त्याच्या भोवती पांढरट, डोळ्यांत खुपणारी चमक. व्यापाऱ्याने भिंग न लावताच "धुतलेत" म्हटलं असेल तर त्यात जादू काही नाही. ही काळ्या कोपऱ्यांची आणि पांढऱ्या पाटीची जोडी दोन हातांवरूनही कळते.

मूळ चमक आणि घासलेली चमक यांत नेमका काय फरक, हेही सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. टांकसाळीत ठसा चांदीच्या चकतीवर दाबला जातो तेव्हा चांदी दाबाखाली बाहेरच्या दिशेने सरकते आणि पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म रेषा उमटतात, मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या. नाणं फिरवलं की त्या रेषांवरून प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. ही ठशाची चमक. पुडीतले कण या रेषा खरवडून टाकतात. त्यानंतर नाणं आरशासारखं चमकेल, पण प्रकाश फिरणार नाही, एकाच जागी थिजून राहील. या रेषा पुन्हा आणता येत नाहीत, गुजरीतल्या सर्वांत कुशल कारागिरालाही नाही.

आणि तो काळेपणा? ती घाण नाहीच. हवेतल्या गंधकाशी चांदीची क्रिया होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. चुलीचा धूर, रबर, लोकर, वर्तमानपत्राचा कागद, सगळ्यांतून गंधक येतो. थर फार पातळ असला की सोनेरी, जांभळट, निळसर छटा दिसतात, पुढे तपकिरी आणि मग काळा होतो. संग्राहक या थराला जपतात, कारण तो शाबूत आहे याचा अर्थ खाली कुणी हात लावलेला नाही. तुम्ही पुडीने घासलंत तेव्हा तो थर गेला, म्हणजे चांदीचाच वरचा पापुद्रा गेला, शिवाय खालचीही थोडी चांदी गेली.

मोबाइलवर एक प्रयोग फिरत असतो: ॲल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा, गरम पाणी, आणि काळी चांदी पांढरी. पैंजणाला, ताटवाटीला जरूर करा. नाण्यावर थर जातो आणि त्याच्या जागी निस्तेज, खडूसारखा पांढरेपणा येतो. तेही नको. सराफाकडच्या बुडवायच्या द्रावणाचंही तेच. बुडवलेलं नाणं जाणकाराला बऱ्याचदा कळतं.

मग घासलेल्या चारांचं काय? काही करायचं नाही. त्यांना पुन्हा काळं करण्याचे उपाय लोक सांगतात, उकडलेल्या अंड्यापासून गंधकाच्या धुरीपर्यंत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, तो रंग खोटा दिसतो आणि वर दुसरी इजा होते. नुसतं ठेवून द्या. काही वर्षांत नैसर्गिक थर पुन्हा बसायला लागेल आणि ती भगभगीत चमक उतरेल. ओरखडे राहतील. पण जीवाला लावून घेऊ नका. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला घरातला रुपया घासून पाटावर ठेवायची रीतच आहे. दही-दुधाने न्हाऊ घालायचं, चिंचेने किंवा रांगोळीने चोळायचं, हळदकुंकू वाहायचं. कोल्हापुरातल्या जुन्या घरातून आलेल्या चांदीच्या रुपयांत न घासलेला सापडणं हीच नवलाई. सासूबाईंचे 22 रुपये तुमच्या हाती न घासलेले आले, म्हणजे त्यांनी पूजेला थोडेच घेऊन बाकीचे साठवणीत वेगळे ठेवले असावेत.

कुंकवाचं मात्र बघायला हवं. पूजेच्या रुपयांवर अक्षरांच्या खाचांत लाल-तपकिरी लगदा बसतो, वर समईचं तेल. हे काढता येतं, आणि काढायला हरकत नाही, कारण इथे आपण धातूला हात लावत नाही. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या (गाडीच्या बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल). नाणं त्यात रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बदला, पुन्हा ठेवा. तेलकटपणा असेल तर नंतर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात सुगंध आणि तेलं असतात. ॲसिटोन भडका घेतं, तेव्हा खिडकी उघडी, गॅस बंद, देवाजवळचा दिवा दुसऱ्या खोलीत. बाहेर काढल्यावर मऊ सुती कापडाने टिपून घ्या. टिपून, पुसून नाही. ब्रश नको, टूथपेस्ट तर नकोच, तिच्यात घासायचेच कण असतात. पाण्याने जे निघणार नाही ते राहू द्या.

आता तांबं. हा डब्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. शिवराईची परंपरा 1674 च्या राज्याभिषेकापासूनची. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". पण महाराजांच्या काळानंतरही, पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत, ठिकठिकाणच्या टांकसाळींतून शिवराई पडत राहिल्या. तेव्हा नाव दिसलं म्हणून दिरांनी लगेच "महाराजांच्या काळातली" असं कुणाला सांगू नये. बहुतेक घरांत सापडते ती नंतरचीच असते. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे अर्धी अक्षरं चकतीच्या बाहेरच राहायची. "श्री रा" दिसतं आणि पुढचं नाही, याचा अर्थ ते झिजलं असा नव्हे. ते कधी उमटलंच नव्हतं. हाताने घण मारून पाडलेली नाणी, एखादा घाव एका बाजूला जास्त पडायचा, दुसरी बाजू फिकी राहायची. ओळखायची युक्ती अशी: झिजलेलं अक्षर गुळगुळीत आणि रुंद होतं, त्याची कड उतरते. न उमटलेल्या जागेवर मूळ चकतीचा खडबडीतपणा तसाच असतो. शिवराई बघताना माझा हात आधी तिथे जातो.

शिवराईवरचा चॉकलेटी किंवा काळपट तपकिरी रंग म्हणजे तिची कातडी समजा. शेदीडशे वर्षांत तयार झालेला, घट्ट, तांब्याला सांभाळणारा थर. चिंच-मीठ लावलं की दोन मिनिटांत तो उतरतो आणि खालून गुलाबी-केशरी, भोकाभोकाचं तांबं निघतं. माझ्या मते चांदीपेक्षा तांब्याचं नुकसान जास्त वाईट, कारण चांदीला निदान चांदीचा भाव राहतो. सोललेल्या शिवराईला काय भाव द्यायचा?

हिरव्या पुडीबद्दल काळजी करण्यासारखं आहे, पण घाबरू नका. हिरवं दोन प्रकारचं. लाकडी दातकोरणीने हलकेच टोकरून बघा. कठीण, गडद हिरवं, नाण्याला घट्ट चिकटलेलं असेल तर ते स्थिर आहे, तसंच राहू द्या, काही नाण्यांना ते शोभतं. फिकट हिरवी, कोरडी पूड पडत असेल, काढली तरी काही दिवसांत परत येत असेल, तर मात्र तो रोग. तांब्यात क्लोराइड शिरलेलं असतं, मिठाच्या हाताने, घामाने, मातीतून. ओल आणि हवा मिळाली की त्यातून आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, आणि हे चक्र चालू राहतं. नाण्याला खड्डे पडत जातात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं तेव्हा याला ऊत येतो. ती दोन नाणी आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. औषधांच्या बाटल्यांत, नव्या चपलांच्या खोक्यांत त्या पुड्या येतात, पण जुन्या झाल्या की त्या ओल धरत नाहीत, नव्या विकत आणा. ओल तुटली की रोग थांबतो. रसायनांचे उपचार आहेत, पण त्यातली काही विषारी आहेत आणि ते काम जाणत्या संवर्धकाचं. स्वयंपाकघरातलं नाही.

कड्यांचा प्रश्न. कापू नका. लोकांना वाटतं कडी काढली की रुपया पूर्ववत होईल. होत नाही. डाख देताना रुपयाला आच लागलेली असते, तिथली चांदी आणि तिचा रंग बदललेला असतो. कडी कापली की कडेवर डाखाची गाठ राहते, ती घासायला गेलात की कडेच्या दात्यांचा तुकडा सपाट होतो. कडी असलेला रुपया निदान प्रामाणिकपणे "माळेतला" दिसतो. कडी काढलेला रुपया लपवाछपवी केल्यासारखा दिसतो. पाचही एकत्र ठेवा, आणि डब्याच्या तळाशी जुना गोफ, रेशमी दोरा, मणी असं काही असेल तर तेही. आपल्या भागात बायकांच्या गळ्यात साजाबरोबर रुपयांच्या माळाही असायच्या. पाच सुट्या, कापलेल्या रुपयांपेक्षा एका माळेचे उरलेले पाच रुपये मला मोलाचे वाटतात. बाजाराला तसं वाटेलच असं नाही, पण तुम्ही विचारलंत मला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इजा नेहमी वाईटच असते असं नाही. जुन्या मराठी आणि मोगली रुपयांवर सराफांनी मारलेल्या खुणा असतात, छोटे ठोके, फुल्या. सराफ नाणं खरं की खोटं बघायचा आणि खूण मारायचा. त्यामुळे प्रत उतरते, पण तो व्यवहाराचा पुरावा आहे. याहून मोठा पुरावा आपल्याच गावात आहे. कोल्हापुरात सापडलेली सातवाहन काळातली "कुर" राजांची नाणी, धनुष्यबाणाची, प्रसिद्ध आहेत. विळिवायकुर, सिवलकुर अशी त्यांची नावं. पुढच्या राजाने मागच्या राजाच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा पुन्हा मारला. नाण्याच्या दृष्टीने ही सरळसरळ मोडतोड. पण कुणाचा ठसा कुणाच्या वर, यावरूनच अभ्यासकांनी आधी कोण आणि नंतर कोण हे लावलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या हजारो चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. कुणी जिंकलं हे त्या ठोक्यांत लिहिलेलं आहे. मुलाला एकदा टाउन हॉल म्युझियममध्ये घेऊन जा, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू तिथे आहेत.

पुन्हा तुमच्या डब्याकडे. एक वही घ्या आणि प्रत्येक नाण्याला एक ओळ: कुणाची छबी, साल, वजन, काय दिसतंय. वजनासाठी मिलिग्रॅमचा नाही तरी ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, सोन्यासाठी वापरतात तसा. इंग्रजी काळातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणूनच तर पूर्वी "रुपयाभार" हे वजन होतं. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम. बऱ्यापैकी फिरलेला रुपया 11.4-11.5 भरेल, अगदी गुळगुळीत झालेला त्याहून खाली. आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: राणीच्या बटा धारदार आहेत आणि वजन मात्र 11 च्या आत, असं असेल तर संशय घ्या. झिजलं नाही आणि हलकं कसं? एक तर कड कानशीने उतरवलेली असेल (कडेचे दाते एका जागी आखूड दिसतील), नाहीतर नाणं बनावट असेल. ओतीव बनावटीवर अक्षरं मऊ, साबणावर उमटवल्यासारखी असतात आणि भिंगातून बारीक फुगे दिसतात. सहाव्या जॉर्जचे 1940 ते 45 चे रुपये वजनाला तेवढेच, पण चांदी निम्मीच. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. ते झिजले की पिवळट-करडे दिसतात, त्याला कुणी धुतलं असं समजू नका. 1947 चा रुपया तर चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. लोहचुंबकाला चिकटला म्हणून खोटा ठरवून फेकू नका.

पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया असेल तर बाजूला ठेवा. राजाच्या अंगरख्यावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, नाणी मागे घेतली आणि 1912 पासून हत्ती नीट कोरला. हा हत्ती बरोबर उंच भागावर असल्यामुळे झिजताना सगळ्यात आधी जातो. सहाव्या जॉर्जचा 1939 चा दुर्मीळ, तो कसाही असला तरी चांदीच्या भावाने देऊ नका. उलट पाचव्या जॉर्जचे 1916 ते 1920 चे रुपये भरपूर पडलेले, ते झिजलेले असतील तर व्यापारी चांदीचा भाव बोलला तरी रागावू नका. आणि डब्यात 1818 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि वर रामदरबार असं काही निघालं, तर ते नाणं नव्हे. कंपनीने असं काही पाडलेलं नाही. देवघरात ठेवा.

वाटणीबद्दल दिरांना एक सुचवा. आकड्याने वाटू नका. 26 भागिले 3 करून प्रत्येकाला आठ-नऊ रुपये दिले की एखाद्याच्या वाट्याला दुर्मीळ साल येतं आणि दुसऱ्याला घासलेले चार. पाच वर्षांनी त्यावरून दिवाळीच्या फराळाला तोंडं फिरतात. आधी वही पूर्ण करा, दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा, मग वाटा. दाखवताना नुसतं "किती देता?" विचारू नका, "प्रत काय धरता आणि का?" विचारा. व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी असं काहीतरी उत्तर येईल. साधारण झिजलेलं, थोडंच झिजलेलं, अजिबात न वापरलेलं. जो नाण्याचे उंच भाग दाखवून कारण सांगतो त्याच्यापाशी बसा.

अमेरिकेला पाठवणं विसरा. शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्याकडे पुरावस्तूंत मोडतात आणि 1972 च्या कायद्याने त्या खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. भाच्यांचा हेतू चांगला आहे, पण पार्सल कस्टममध्ये अडकलं तर डबाही जाईल आणि वर कटकट मागे लागेल.

ठेवायचं कसं? सध्याचा पत्र्याचा डबा गंजलेला असेल तर रजा द्या. वर्तमानपत्राच्या पुड्या, रबरबँड (चांदीवर त्याची काळी रेघ कायमची उमटते), डांबरगोळ्या, मखमली पिशव्या, प्लायवुडचं कपाट, सगळं नको. आणि स्टेशनरीच्या दुकानातला तो मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारा प्लास्टिकचा अल्बम तर मुळीच नको. तो पीव्हीसीचा असतो, त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मुलाने आणला असेल तर दुकानदाराला परत करायला लावा. मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीतली पारदर्शक खिडकीची होल्डर मिळतात. पुठ्ठ्याच्या होल्डरला स्टेपल मारलेत तर पिनेचे पाय पक्कडीने दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. एका नाण्याला एक पाकीट, सगळी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, आतल्या भिंतीच्या कपाटात.

शेवटी तुमच्या राणीछापांतला एक. पत्रासोबतच्या फोटोत एक रुपया 1862 सालचा दिसतोय, आणि तारखेच्या भोवती कुंकू घट्ट बसलंय. त्याला पुडी लावली नाहीत हे फार बरं झालं. 1862 हे साल टांकसाळींनी बदललंच नाही, 1874 पर्यंत त्याच सालाचे रुपये पडत राहिले, आणि वेगवेगळी पाडणी ओळखता यावी म्हणून मुंबईच्या टांकसाळीने बारीक उठावाचे ठिपके टाकले, तारखेपाशी आणि वरच्या फुलापाशी. टाचणीच्या टोकाएवढे. काही जोड्या सर्रास मिळतात, काही क्वचित. चार वेळा जोरात घासलं असतं तर ते ठिपके निघून गेले असते आणि मग कुणालाच काही सांगता आलं नसतं. वर सांगितलं तसं त्याला डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, कुंकू निघेपर्यंत पाणी बदलत राहा, मग भिंगाखाली वरचे आणि खालचे ठिपके वेगवेगळे मोजा. मोजून, वजन करून कळवा. तोवर तो कुणालाही देऊ नका, दिरांनाही नाही.